हिमालयन ४११ खाली घेताना: ८०२ वरून ७५३ मि.मी.

६ जानेवारी २०२४: आधी मापं, मग पाने

गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन ४११, मीटरवर १८,९०० कि.मी. पुढचं टायर ९०/९०-२१, मागचं १२०/९०-१७. कागदावर सीटची उंची ८०० मि.मी., जमिनीपासून मोकळी जागा २२०, पुढच्या चाकाची हालचाल २०० आणि मागच्याची १८०. चालवणाऱ्या ताई ५ फूट २ इंच. टाचेपासून जांघेपर्यंतचं माप ७१ सें.मी., बूट-जाकीट-हेल्मेटसह वजन ५८ किलो.

मागणी अशी: गाडी ४० मि.मी. खाली घ्या, दोन्ही तळवे टेकले पाहिजेत.

दोन्ही तळवे पूर्ण टेकण्याची गरज नसते. दोन्ही चवडे नीट टेकले, किंवा किंचित सरकून एक पाय सपाट टेकला, तरी दोनशे किलोच्या आसपासची गाडी सांभाळता येते. त्यामुळे ठरलं असं की सस्पेन्शनमधून जास्तीत जास्त २५ मि.मी. घ्यायचे आणि बाकीचं सीटमधून काढायचं. सीट कापल्याने हाताळणी बिघडत नाही, सस्पेन्शनला हात लावला की बिघडू शकते.

सपाट फरशीवर, टायरमध्ये हवा बरोबर भरून, गाडी सरळ धरून घेतलेली मापं:

सीटचा सर्वांत खोल भाग ८०२ मि.मी. स्किड प्लेटखाली (इंजिनखालचं संरक्षक पत्रं) २१९. ताई बसल्यावर दोन्ही टाचा ७२ मि.मी. वर. साइड स्टँडवर गाडीचा कल ११ अंश (मोबाइलमधलं लेव्हल अ‍ॅप डिस्कला टेकवून). सीटवरून जमिनीपासून जमिनीपर्यंत, म्हणजे पाय जिथून जातात तिथूनच, धागा टाकला तर १८१२ मि.मी.

शेवटचं माप बहुतेक जण घेत नाहीत. दोन गाड्यांची सीटची उंची सारखी असली तरी जिची सीट पुढे रुंद आहे तिच्यावर पाय फाकतात आणि टाच आणखी वर जाते. धाग्यात उंची आणि रुंदी दोन्ही येतात.

आता सॅग, म्हणजे गाडी स्वतःच्या आणि स्वाराच्या वजनाने किती खाली बसते ते. मागच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर कॅरिअरवर चिकटपट्टीची खूण केली. चाक लोंबकळत असताना अंतर मोजलं, मग गाडी टेकवून, मग ताई पूर्ण सामानासह बसल्यावर. गाडी स्वतःच्या वजनाने १४ मि.मी. बसते, स्वारासह ४१. प्रत्येक माप दोनदा घ्यायचं: एकदा गाडी दाबून हळूच सोडायची, एकदा उचलून हळूच सोडायची, आणि सरासरी धरायची. सील आणि बुशच्या घर्षणामुळे दोन आकड्यांत ५-६ मि.मी. फरक सहज पडतो.

१८० पैकी ४१ म्हणजे जेमतेम २३ टक्के. खराब रस्त्याच्या गाडीला ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५४ मि.मी., हवेत. कारखान्यातली स्प्रिंग ५८ किलोसाठी कडक आहे, इतकाच याचा अर्थ.

७ जानेवारी: फुकटचे मिलिमीटर

शॉकअपची कॉलर (स्प्रिंग कमी-जास्त दाबणारी कडी) हुक पान्याने दोन घरं सैल केली. स्वारासह सॅग ५०. एक रुपया न घालवता ९ मि.मी. मिळाले, आणि खड्ड्यातला दणकाही कमी झाला. कॉलर फिरवण्याआधी वरची माती ब्रशने काढून थोडं स्प्रे तेल मारावं. माती तशीच ठेवून पाना ओढला की कॉलरचे दात सोलतात.

यातले काही मिलिमीटर पुढे परत द्यावे लागले. १७ तारखेची नोंद पाहा.

८ जानेवारी: सीट

पुढच्या सीटचं कव्हर काढलं. स्टेपल पिना चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटून पक्कडीने ओढायच्या, कव्हर फाडायचं नाही. नवं कापताना तेच मापाला लागतं.

फोमवर मार्करने आखणी केली: बसायच्या जागी २२ मि.मी. खोल, टाकीकडच्या टोकाला कडा दोन्ही बाजूंनी १५-१५ मि.मी. आत. मोठा तुकडा हॅक्सॉच्या सुट्या पात्याने आणि शेवटचा हात ग्राइंडरवरच्या ६० नंबरच्या फ्लॅप डिस्कने. डिस्क दाबायची नाही, फोमवरून नुसती फिरवायची. दाबली की फोम वितळून गुठळी होते आणि ती गुठळी पन्नास किलोमीटरनंतर बरोबर टोचते.

खाली किती फोम उरला ते विणकामाची सुई खुपसून पाहिलं: सर्वांत पातळ जागी ४२ मि.मी. ३५ च्या खाली गेलं की प्लास्टिकचा पाया जाणवायला लागतो. वर जेल पॅड घालायची सूचना सीटवाल्याने केली होती. नको म्हटलं: जेल १० मि.मी. उंची परत देतं आणि एप्रिलच्या उन्हात तव्यासारखं तापतं.

फोमवर जाड पॉलिथिन, त्यावर रेक्झिन. शिलाई बसायच्या जागी येऊ दिली नाही, बाजूला घेतली. पावसात पाणी शिलाईतूनच आत जातं आणि फोम आठवडाभर वाळत नाही.

१० जानेवारी: लिंकेज उघडलं

मागची बाजू खाली घ्यायला शॉकअपखालच्या दोन पट्ट्या, म्हणजे लिंक, लांब करायच्या. या गाडीत लिंक लांब झाली की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा, गॅरेजमध्ये ‘चिमटा’) फ्रेमच्या जवळ येतो आणि गाडी बसते. दुसरा प्रचलित उपाय स्प्रिंगचा एक वेढा कापण्याचा, आणि तो आम्ही करत नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग उलट कडक होते, कापलेलं टोक सपाट बसत नाही, आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग बैठकीतून सुटते.

गाडी मेन स्टँडवर, शिवाय इंजिनखालच्या फ्रेमला लाकडी ठोकळ्यासह जॅक. स्विंगआर्मखाली लावायचा पॅडॉक स्टँड इथे चालत नाही. लिंकचा बोल्ट निघाला की फ्रेमला चाकावर पेलून धरणारं काही उरत नाही, गाडी सरळ खाली येते.

चाकाखाली फळी आणि पाचर सरकवून वजन इतकं तोललं की बोल्ट बोटाने निघाला. हातोड्याने ठोकावा लागला तर वजन अजून त्याच्यावर आहे असं समजायचं. कुठला बोल्ट कुठून घातला होता त्याचे फोटो काढले. उलटा घातला तर टोक कशाला तरी घासतं.

नीडल बेअरिंगमध्ये (सुयांसारख्या बारीक रोलरचं बेअरिंग) ग्रीसऐवजी तांबूस भुकटी निघाली. एका स्लीव्हवर रोलरच्या रेघा उमटलेल्या, नखाला लागतील इतक्या. ती स्लीव्ह आणि बेअरिंग नवं. बाकीची केरोसीनने धुऊन, हवा मारून, पाण्याला टिकणारं लिथियम ग्रीस रोलरच्या मधोमध बोटाने भरलं. लिंकेज पाऊस, गाड्या धुण्याची पिचकारी आणि चाकाचा चिखल या तिघांच्या वाटेत असतं. लिंक बदला न बदला, दर पावसाळ्याआधी ते उघडलंच पाहिजे.

१३ जानेवारी: चाचणीच्या पट्ट्या

लिंक किती लांब केली तर चाक किती वर येईल, हे गुणोत्तर प्रत्येक लिंकेजचं वेगळं असतं. इंटरनेटवरचा आकडा घेऊन पट्टी कापू नये. ६ मि.मी. जाडीच्या साध्या पट्टीवर तीन जोड्या भोकं पाडली: मूळ अंतरापेक्षा ६, ९ आणि १२ मि.मी. जास्त. ही फक्त मापाला, हिच्यावर गाडी चालवायची नाही.

चाक लोंबकळत ठेवून अ‍ॅक्सल ते खूण मोजलं. ६ ला १७ मि.मी., ९ ला २५, १२ ला ३४.

खरी परीक्षा वरच्या टोकाला. लिंक बदलली तरी शॉकअपची स्वतःची हालचाल तितकीच राहते. म्हणजे पूर्ण दबल्यावर चाक पूर्वीपेक्षा जास्त वर, मडगार्डच्या पोटात जातं. हे स्प्रिंग असताना हाताने तपासता येत नाही. शॉकअप काढून स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये धरली, स्प्रिंग उतरवली, नुसता डँपर (शॉकअपमधला तेलाचा भाग) परत बसवला. मग रॅचेट पट्टा चाकाखालून घेऊन फ्रेमला बांधला आणि एकेक दात ओढत बंप रबर (शेवटचा दणका झेलणारं रबर) पूर्ण चेपेपर्यंत चाक वर नेलं.

१२ वर टायर आतल्या मडगार्डला टेकलं. ९ वर ११ मि.मी. उरले. टायरला चिकटलेला चिखल आणि वेगात फुगणारं रबर धरलं तर ११ ही आम्हाला मान्य असलेली शेवटची पायरी. ४० मि.मी.ची मागणी इथे मिटली. ताईंना बोलावून टेकलेलं टायर दाखवलं.

त्याच पट्ट्यावर चेनही पाहिली. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. गाडी खाली घेतल्यावर उभी असतानाच अ‍ॅक्सल या रेषेच्या जवळ येतो, म्हणून चेन पूर्वीपेक्षा ताठ वाटते आणि कुणीतरी लगेच ती सैल करायला धावतो. तीनही बिंदू एका रेषेत आणून तिथे साधारण १५ मि.मी. ढील ठेवली, मग चाक खाली सोडून मेन स्टँडवर किती ढील येते ते मोजलं आणि तो आकडा स्विंगआर्मवर मार्करने लिहिला. पुढे चेन लावणाऱ्याला तोच लागेल.

संक्रांतीमुळे लेझर कटिंगवाला १६ पर्यंत बंद.

१७ जानेवारी: पक्क्या लिंक

ईएन ८ पोलाद, ८ मि.मी. जाडी. लेझरने भोकं अर्धा मिलिमीटर लहान ठेवून कापली आणि दोन्ही पट्ट्या एकत्र क्लँप करून रीमरने (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) पूर्ण केली. कारण जोडी जुळली पाहिजे: मध्यापासून मध्यापर्यंतचा फरक व्हर्निअरवर ०.०५ च्या आत. एक पट्टी लांब राहिली तर सगळं वजन दुसरीवर येतं आणि बेअरिंग तिरकं झिजतं. कडा कानशीने मोडून गोल केल्या. लेझरच्या धारदार कडेपासूनच तडा सुरू होतो. वर काळं पावडर कोटिंग.

लिंकचे बोल्ट टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे कसले, नट नवे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे). शॉकअपच्या वरच्या रबरी बुशचा बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करून शेवटी कसला. लोंबकळत्या चाकावर कसला तर रबर कायमचं पीळ घेऊन बसतं आणि लवकर फाटतं.

सॅग परत मोजला: स्वारासह ५८. लांब लिंकमुळे चाकाला स्प्रिंगवर जास्त तरफ मिळते, तीच स्प्रिंग मऊ लागते. कॉलर एक घर परत कसली, ५३ वर आली. ७ तारखेच्या दोन घरांपैकी एक असं गेलं. लिंक बसवणारे बरेच जण हे मोजत नाहीत आणि मग ‘लिंक टाकल्यापासून गाडी बॉटम होते’ (पूर्ण दबून तळाला आदळते) म्हणतात.

मुद्दाम फक्त मागची बाजू खाली ठेवून गाडी कात्रजच्या जुन्या घाटात नेली. व्हीलबेस १४६५ मि.मी., मागे २५ खाली, म्हणजे गाडी जवळपास एक अंश मागे झुकली. ट्रेल (पुढचं चाक जमिनीला टेकतं तो बिंदू स्टिअरिंगच्या रेषेच्या किती मागे पडतो ते) त्याने ७ मि.मी.च्या आसपास वाढतो. आकडा लहान दिसतो, पण नागमोडीत गाडी बाहेर सरकते, हँडल दोनदा ढकलावं लागतं, आणि सिग्नलला सावकाश वळताना पुढचं चाक पडल्यासारखं होतं. हेडलाइटही तेवढीच वर: १० मीटरवर सुमारे १७ सें.मी. समोरचा ट्रकवाला डिपर मारणारच. मागची बाजू खाली घेऊन पुढची तशीच सोडणं हे अर्धवट काम आहे.

२० जानेवारी: पुढची बाजू

दोन रस्ते. एक, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या जोडीच्या) नळ्या ‘टी’मधून, म्हणजे त्यांना आवळून धरणाऱ्या आडव्या तुकड्यांतून, वर सरकवायच्या. दुसरा, फोर्क उघडून डँपर रॉडवरच्या छोट्या टॉप-आउट स्प्रिंगपाशी स्पेसर घालायचा आणि वरची प्रीलोड नळी तितकीच कापायची. दुसऱ्यात चाकाची हालचाल कमी होते पण चाक मडगार्डकडे जास्त जात नाही. पहिल्यात हालचाल पूर्ण राहते, मात्र वरची जागा तपासावी लागते. जागा पुरत असेल तर पहिला. पुन्हा पूर्ववत करायला अर्धा तास पुरतो.

जागा पाहण्यासाठी हँडलबार सोडून, टाकीवर घोंगडी टाकून आडवा ठेवला, फोर्कच्या टोप्या उघडल्या (शेवटच्या आट्याला टोपी तळव्याने दाबून धरायची, खाली स्प्रिंग आहे), स्प्रिंगा काढल्या आणि जॅक हळूहळू उतरवला. फोर्क तळाला टेकल्यावर दोन्ही नळ्यांतली तेलाची पातळीही मोजून घेतली: डावीकडे ६ मि.मी. कमी. भरून सारखी केली.

नळ्या २२ मि.मी. वर सरकवल्यावर मडगार्ड आणि खालची टी यांत ११ मि.मी. ३० वर फक्त ३. म्हणून २२. फोर्क तिरका असल्यामुळे २२ सरकवले की उभ्या रेषेत २० च मिळतात.

स्प्रिंगा, टोप्या परत. एकेक नळी वेगळी सरकवली. दुसरी तोवर कसलेली. दोन्ही नळ्यांची वर आलेली उंची व्हर्निअरच्या शेपटीने मोजली. डोळ्यांना सारखं दिसतं त्यात दीड मिलिमीटर फरक निघाला होता, आणि तेवढ्यानेही अ‍ॅक्सल ताणून बसवावा लागतो. पिंच बोल्ट (नळी आवळणारे) दोन फेऱ्यांत, आलटून-पालटून, टॉर्क पान्यानेच. जास्त कसले तर नळी तिथे लंबगोल होते. अ‍ॅक्सलचा पिंच बोल्ट शेवटी, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबल्यावर.

मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत: ब्रेकची नळी, क्लच केबल, एबीएसची वायर. वायर खालच्या टीजवळ ताणली जात होती, क्लिप एक जागा वर घेतली.

आता मागे २५, पुढे २०. झुकाव ०.२ अंशावर आला. हेडलाइट भिंतीवर खूण करून थोडी खाली घेतली.

२१ जानेवारी: स्टँड

सगळ्यात जास्त गाड्या पडतात त्या इथे. गाडी खाली आली, साइड स्टँड तेवढाच राहिला. कल ११ वरून ७ अंशांवर आलेला. सपाट फरशीवर ठीक दिसतं, पण उजवीकडे जरा उतार असला की टाकीवर ठेवलेलं जाकीट उचलतानाही गाडी पलीकडे जाईल.

स्टँड गाडीवरून काढून २२ मि.मी. कापला. जोडावर नुसता टाका नाही: दोन्ही टोकांना चँफर (तिरप्या घासलेल्या कडा), आत घट्ट बसणारी ५० मि.मी.ची सळई, वरून पूर्ण वेल्ड. तळाची पाटी त्याच कोनात बसली का ते गाडीला लावून पाहिलं, वेल्डिंग मात्र टेबलावर. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचे) कनेक्टर काढावेत. नवा कल ११ अंश.

मेन स्टँडवर आधी चाक जमिनीपासून १५ मि.मी. उचललं जायचं, आता ४०. ५८ किलोच्या माणसाला ते उचलणं अशक्य. दोन्ही पाय २२ मि.मी. कमी केले.

२७ जानेवारी: ६० कि.मी. नंतर

लिंकचा खालचा बोल्ट पान्याला पाव आटा फिरला. चूक आमचीच: बोल्टच्या डोक्याखाली पावडर कोटिंग ठेवलं होतं. भाराखाली ते चेपतं, कसलेपणा जातो. चारही बैठका धातूपर्यंत खरवडल्या, ग्रीसचा पातळ हात दिला, नवे नायलॉक नट, परत टॉर्क, आणि नटापासून पट्टीवर पिवळ्या रंगाची रेघ. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

सिंहगडाच्या घाटरस्त्यावर गाडी पूर्वीसारखी वळते. गियर टाकून जोरात निघताना मागची बाजू पूर्वीपेक्षा जरा जास्त बसते. स्विंगआर्म सपाट झाला की चेनच्या ओढीचा उचल देणारा भाग कमी होतो; याला उपाय नाही, सवय होते.

११ फेब्रुवारी: ६४० कि.मी.

सीट ७५३. धागा १७००. टाचा साधारण १५ मि.मी. वर, चवडे पूर्ण टेकलेले. स्किड प्लेटखाली १९४.

फोर्कच्या नळीवर बांधलेली केबल टाय १४२ मि.मी.पर्यंत गेलेली, म्हणजे २०० पैकी बरंच शिल्लक. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला लावलेला खडू शाबूत. पिवळ्या रेघा जुळलेल्या. स्टँडच्या वेल्डला तडा नाही.

स्किड प्लेट एकदा घासली: मागे माणूस आणि दोन बॅगा घेऊन खेडेगावातल्या कुबडासारख्या स्पीडब्रेकरवरून. ओझं असेल तेव्हा कॉलर दोन घरं कसायची, आणि उंच स्पीडब्रेकर मागच्याला उतरवून घ्यायचा. हे सीटखाली टूलकिटच्या झाकणावर लिहून ठेवलं, सोबत चेनच्या ढिलाईचा आकडा. मूळ लिंक तेल लावून, कागदात गुंडाळून ताईंच्या ताब्यात दिल्या. गाडी विकताना लागतील.

लिंकेज पुन्हा उघडायचं मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी.